कोड कोणी का लिहीना

पहाटे ५.३०

जुलैअखेरीस पन्हाळ्यावर सूर्य उगवतो तो फक्त कॅलेंडरात. खिडकीबाहेर धुकं, धुक्यात पाऊस, आणि समोरचं घर जागेवर आहे की नाही हे तिथल्या कुत्र्याच्या भुंकण्यावरून ओळखायचं. गडाखालच्या गावांत मात्र दिवस केव्हाच सुरू झालेला असतो. दूध संस्थेचं शटर वर जातं, किटल्या रांगेला लागतात, काट्यावर वजन होतं, नमुन्याचं दूध यंत्रात जातं आणि पडद्यावर फॅट, एसएनएफ (दुधातले फॅटव्यतिरिक्त घन पदार्थ) उमटतं. गाईला ३.५ आणि ८.५, म्हशीला ६.० आणि ९.० ही दरपत्रकातली नेहमीची पायरी. तिच्या वर-खाली एकेका पॉइंटाने दर चढतो-उतरतो. शेवटी एक पावती बाहेर पडते आणि रांग पुढे सरकते. त्या पावतीमागचं सॉफ्टवेअर आम्ही करतो.

कंपनी कोल्हापुरात, गडापासून वीसेक किलोमीटरवर. छोटी, एका मजल्यावर मावणारी. पावसाळ्यात मी बहुतेक घरूनच काम करते. उठल्यावर पहिलं काम लॉग बघणं : कुठल्या संस्थेचा डेटा आला, कुठला अडकला. आज दोन ठिकाणचा आलेला नाही. तिथे नेट गेलं असणार. संकलन तिथल्याच मशीनमध्ये साठत राहतं आणि नेट आलं की आपसूक वर चढतं. हा भाग आमच्या काकांनी फार पूर्वी लिहिला आणि अजून त्याला कोणी हात लावलेला नाही. काका नात्याने कोणाचेच काका नाहीत, पण ऑफिसात मालकांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणतात.

आज २९ तारीख. आमच्या भागात दुधाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं, म्हणजे महिन्याचा तिसरा हप्ता ३१ तारखेला बंद होणार. अशा वेळी प्रोग्रॅमरच्या पोटात जे होतं ते घरच्यांनाही कळतं. ते त्या दोन-तीन दिवसांत भाजीत मीठ कमी आहे वगैरे बोलायला येत नाहीत.

सकाळी ७.००

चहा घेऊन बसले. रात्री झोपण्याआधी एआय सहायकाला एक काम लावून दिलं होतं : जुन्या अहवालांचे पडदे नव्या रचनेत आणायचे. सकाळी बघते तर काम झालेलं, चाचण्या हिरव्या, वर स्वच्छ इंग्रजीत केलेल्या बदलांचा गोषवारा. मात्र न सांगितलेल्या चार ठिकाणीही हात फिरवलेला. मदतीला आलेल्या पाहुण्याने आपल्या मनाने मांडणी लावावी आणि मग घरच्या बाईला पोह्यांचा डबा सापडू नये, तसं झालं होतं. त्या चार ठिकाणचे बदल मागे घेतले, बाकीचे ठेवले.

हे सगळं फार जुनं नाही. गिटहब कोपायलट २०२१च्या जूनमध्ये चाचणीसाठी आलं आणि २०२२च्या जूनमध्ये सर्वांना खुलं झालं, महिना १० डॉलरला. तेव्हा ते फिकट करड्या अक्षरांत पुढची ओळ सुचवायचं. पटली तर टॅब दाबायचा, नाही पटली तर आपलं लिहीत राहायचं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं. आता कर्सर, क्लॉड कोड अशी साधनं स्वतःच फायली उघडतात, बदलतात, चाचण्या चालवतात आणि चुकलं तर पुन्हा करून बघतात. आधी एका ओळीचा निर्णय घ्यायचा होता, आता सकाळच्या चहाबरोबर पाचशे ओळींचा घ्यावा लागतो. लिहिण्याचे कष्ट कमी झाले ते सगळे वाचण्यात गेले.

सासूबाई भाकरीचं पीठ मळता मळता म्हणाल्या, "रातभर मशीन चालू ठेवलंस व्हय गं?"

"नाही आत्ती, ते काम दुसरीकडच्या मशीनवर चालतं. मी झोपले होते."

"मग पगार त्याला का तुला?"

हा प्रश्न आमच्या मालकांच्याही डोक्यात आहे, पण त्यांनी तो इतक्या नेमकेपणाने अजून विचारलेला नाही.

सकाळी ९.३०

स्टँडअप. नावाला उभ्याने, प्रत्यक्षात सगळे बसून, कोणी कॅमेऱ्यासमोर तर कोणी फक्त आवाजापुरता. आमच्या टीमपुरतं बोलायचं, तर या साधनांविषयी जगात जेवढी मतं आहेत तेवढी सगळी या पंधरा मिनिटांत ऐकायला मिळतात.

सर्वांत नवी मुलगी दोन वर्षांपूर्वी कॉलेजातून आली. तिला सहायकाविषयी मतच नाही, कारण तिला तो वेगळा काढून दाखवता येत नाही. कीबोर्ड आहे, स्क्रीन आहे, तसा तो आहे. काही अडलं की आधी त्याला विचारायचं, मग मला. एकदा तिला कारण विचारलं, तर म्हणाली, "ताई, तो 'एवढंही येत नाही का' असं म्हणत नाही." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. २००८ साली स्टॅक ओव्हरफ्लो आलं तेव्हा आमची पिढी तिथे प्रश्न टाकायलाही घाबरायची. बाळबोध प्रश्न विचारला की जगभरचे जाणकार मिळून तो बंद करून टाकत.

काका दुसऱ्या टोकाला. त्यांचं म्हणणं, जो कोड मी लिहिला नाही तो मला रात्री दोन वाजता आठवणार नाही. मात्र गुजरातच्या ग्राहकाला इंग्रजी ईमेल पाठवायचं असलं की ते गुपचूप चॅटजीपीटी उघडतात. हे सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे हेही त्यांना माहीत आहे.

तपासणी करणारा आमचा टेस्टर ना इकडचा ना तिकडचा. कोड आधी येत होता त्याच्या दुप्पट वेगाने येतो, तपासणारा मात्र तो एकटाच. "पाणी वाढलं पण गटार तेवढंच," तो म्हणतो, आणि पावसाळ्यात हे कोल्हापूरकराला समजावून सांगावं लागत नाही.

आणि मालक. त्यांनी कुठल्याशा परिषदेत ऐकलंय की निम्म्या वेळात काम होतं. त्यामुळे प्रत्येक अंदाजाला ते आता दोनाने भागतात.

स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२५च्या जागतिक पाहणीत ८४ टक्के लोक म्हणाले की आम्ही ही साधनं वापरतो किंवा वापरणार आहोत. त्याच पाहणीत या साधनांच्या अचूकतेवर विश्वास नसल्याचं ४६ टक्क्यांनी सांगितलं. विश्वास आहे म्हणणारे ३३ टक्के. वापर वाढतोय आणि भरवसा घटतोय, हे बाहेरच्याला विचित्र वाटेल. आमच्या स्टँडअपला बसलेल्याला वाटणार नाही.

सकाळी ११.००

कोड तपासणी. नव्या मुलीने बिलाचं नवीन मोड्यूल पाठवलंय. तिने सहायकाकडून लिहून घेतलं आहे आणि तसं मोकळेपणाने वर नमूदही केलं आहे. ही तिची चांगली सवय.

वाचायला लागले. पहिल्यांदा बरं वाटलं. जुन्या कोडमध्ये रुपये-पैसे फ्लोट प्रकारात ठेवलेले होते, ज्यात संगणक ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ करत नाही, शेपटाला काहीतरी चिकटवतो. सहायकाने न सांगता तिथे डेसिमल वापरलं होतं. पशुखाद्याची कपात, ॲडव्हान्सची कपात, सगळं नीट क्रमाने. फंक्शनांची नावं वाचताच अर्थ कळावा अशी.

मग हप्त्याच्या तारखा आल्या. हप्ता १ तारखेला, ११ तारखेला किंवा २१ तारखेला सुरू होतो. शेवटची तारीख काढायला कोडने सुरुवातीच्या तारखेत नऊ दिवस मिळवले होते. १ला ९ मिळवले की १०. ११ला ९ मिळवले की २०. २१ला ९ मिळवले की ३०.

आणि ३१?

३१ जुलैचं दूध कुठल्याच बिलात येत नव्हतं. तिसरा हप्ता ३० तारखेला संपतो आणि पुढचा १ ऑगस्टला सुरू होतो. मधला दिवस हवेत. फेब्रुवारीत याच्या उलट : २१ फेब्रुवारीला नऊ दिवस मिळवले की साध्या वर्षी २ मार्च येतो, आणि मार्चचा पहिला हप्ता तर १ तारखेपासूनच धरलेला. म्हणजे १ आणि २ मार्चच्या दुधाचे पैसे दोनदा जाणार. तिथे शेतकरी तक्रार करणार नाही, संस्थेचा ऑडिटर करील.

या ओळीच्या वर इंग्रजीत टिप्पणी होती की महिनाअखेरीचा विचार इथे केलेला आहे. चाचण्याही लिहिलेल्या होत्या आणि त्या सगळ्या पास होत्या. चाचण्यांसाठी निवडलेले महिने होते एप्रिल, जून आणि सप्टेंबर. तिन्ही तीस दिवसांचे.

ही या साधनांची खरी जात. साफ चुकीचं लिहिलं असतं तर प्रोग्रॅम चाललाच नसता आणि पाच मिनिटांत कळलं असतं. हे चालतं, दिसायला सुबक असतं, अठ्ठावीस-एकतीसच्या खाचेत तेवढं सांडतं. त्या पाहणीतली सर्वांत मोठी तक्रारही हीच होती. ६६ टक्के लोक म्हणाले, उत्तर जवळजवळ बरोबर येतं, पण पुरतं बरोबर नसतं. स्टॅक ओव्हरफ्लोने २०२२च्या डिसेंबरात चॅटजीपीटीने लिहिलेल्या उत्तरांना आपल्या संकेतस्थळावर बंदी घातली ती याच कारणाने. उत्तरं खरी वाटायची, पटापट यायची, आणि तपासणारे पुरे पडायचे नाहीत.

मुलीला फोन केला. ओळ दाखवली. क्षणभर गप्प, मग म्हणाली, "मी तर विचारलं होतं त्याला, महिनाअखेर बघितलीस का म्हणून. हो म्हणाला."

"त्याला नको विचारू. कॅलेंडरला विचार."

दुपारी १.००

लाइट गेली. इन्व्हर्टर आहे, पण नेटही गेलं, आणि मोबाइलची रेंज एका कांडीवर येऊन लुकलुकू लागली. गडावर हे नवीन नाही. १६६०च्या जुलैत शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून ज्या वाटेने विशाळगडाकडे निसटले, त्या वाटेवर दर पावसाळ्यात पावनखिंडीपर्यंतच्या पदभ्रमण मोहिमा निघतात. त्या दिवसांत वर इतकी माणसं असतात की रेंज असूनही नेट चालत नाही. आज माणसं नाहीत, नुसता पाऊस आहे.

नेट नाही म्हणजे सहायक नाही. तो माझ्या मशीनमध्ये राहत नाही, कुठल्याशा डेटा सेंटरमध्ये राहतो. पण एडिटर उघडाच होता. दोन अक्षरं टाइप केली की व्हेरिएबलचं नाव पुरं करणारी जुनी सोय नेटशिवायही चालत होती. ती सोय १९९०च्या दशकापासून प्रोग्रॅमरांच्या हाताखाली आहे. तिने आमची नोकरी जाईल किंवा आमची बुद्धी गंजेल असं आता कोणी म्हणत नाही.

त्याही आधी, १९५७ साली, आयबीएमने फोरट्रान आणली. तोवर यंत्राच्या भाषेत हाताने लिहिणाऱ्यांना पटत नव्हतं की यंत्राने तयार केलेला कोड आपल्याइतका चपळ असेल. जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणूनच कंपायलरची सगळी ताकद वेगावर लावली, आणि शंका मावळत गेली. काकांना हा दाखला दिला की ते लगेच म्हणतात, मग हेही तसंच रुळेल ना? त्यांच्या विरोधाचा इतका सोपा पराभव मी होऊ देत नाही. कंपायलरला तोच प्रोग्रॅम दहा वेळा दिला तर दहा वेळा तेच बाहेर पडतं. सहायकाला तोच प्रश्न दहा वेळा विचारला तर उत्तर दहा प्रकारे येऊ शकतं. पहिल्यावर एकदा तपासून कायमचा भरवसा टाकता येतो, दुसऱ्याला दर वेळी तपासावं लागतं.

जेवण : झुणका, ज्वारीची भाकरी, खर्डा, दही. आठवडाअखेरीस याच जेवणासाठी पर्यटक तीन दरवाजाकडच्या गाड्यांवर रांग लावतात. आम्हाला ते मंगळवारी मिळतं आणि तक्रार करायलाही कोणी नसतं.

दुपारी २.००

नेट अजून नाही. अशा वेळी आमच्या तालुक्याची एक जुनी गोष्ट आठवते, कारण यंत्र आणि माणूस यांच्या व्यवहाराचा धडा इथे एकदा गिरवून झालेला आहे.

वारणानगर पन्हाळा तालुक्यातच येतं. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकाराचं गाव : साखर कारखाना, दूध संघ, कॉलेजं. १९९८ साली तिथे 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. वारणा खोऱ्यातल्या सुमारे ७० गावांत संगणक केंद्रं उघडायची, ती कारखान्याशी जोडायची. शेतकऱ्याला बाजारभाव, पिकांची माहिती, सरकारी कामं, इंटरनेट असं सगळं एका टेबलावर मिळेल, असं स्वप्न होतं. त्या काळात देशभर त्याचं कौतुक झालं.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी जाऊन पाहिलं, की शेतकरी आणि केंद्रचालक हे संगणक खरोखर कशासाठी वापरतात. उसाची नोंद, तोडणीचा परवाना, कारखान्यात उतरलेलं वजन, खताचा हिशेब. बस्स. बाजारभाव, इंटरनेट आणि बाकीची स्वप्नं बाजूला. मग २००७च्या सुमारास त्यांनी ७ गावांत प्रयोग केला : संगणकाऐवजी साधा मोबाइल, आणि तीच माहिती एसएमएसने. कमी खर्चात तेच काम झालं.

याला काही जण प्रकल्पाचं अपयश म्हणतात. मी म्हणत नाही. उसाचं वजन खोपटापर्यंत पोहोचणं ही शेतकऱ्याच्या लेखी मोठी गोष्ट होती, आणि त्याने यंत्रातून तेवढी बरोबर उचलली. उद्घाटन करणाऱ्याने यंत्र कशासाठी आणलं, याला फारशी किंमत नसते. ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे तो त्यातलं त्याला हवं ते घेतो आणि उरलेलं तसंच राहू देतो. आमच्या धंद्यातही आता हेच चाललंय, फक्त भाषणं अजून संपलेली नाहीत.

दुपारी ३.१५

नेट आलं. आता माझं आवडतं काम. एका जुन्या संस्थेचा सभासद-डेटा नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणायचा आहे. जुनं सॉफ्टवेअर फॉक्सप्रोत लिहिलेलं. फॉक्सप्रोची शेवटची मोठी आवृत्ती २००४ची, आणि मायक्रोसॉफ्टने तिला पाठिंबा देणं २०१५च्या जानेवारीत थांबवलं. तरी सहकारातल्या कपाटांत ती अजून ठाण मांडून आहे. त्यातली नावं युनिकोडमध्ये नाहीत, श्रीलिपीच्या काळातल्या फॉन्टात आहेत. त्या जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशीच, म्हणजे अक्षराच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर जाते. रफाराचं नेमकं उलट.

आधी ही कोष्टकं मी हाताने करायचे आणि त्यात आठवडा जायचा. सहायकाला फॉन्टचा तक्ता दिला, नियम सांगितले, आणि चहा उकळेपर्यंत रूपांतराचा प्रोग्रॅम तयार. 'शिर्के' आडनाव टाकून पाहिलं, कारण त्यात वेलांटी आणि रफार दोन्ही आहेत. नीट उतरलं. इथे त्याची बरोबरी नाही. काम कंटाळवाणं, नियम ठरलेले, आणि बरोबर-चूक डोळ्यांना लगेच दिसणारी.

पण प्रोग्रॅम लिहून घेणं वेगळं आणि नावंच त्याच्या हवाली करणं वेगळं. खोट्या नावांची एक यादी मुद्दाम त्याच्याकडून थेट रूपांतरित करून घेतली, तर त्याने 'रखमा'ची 'रुक्मिणी' करून टाकली. शुद्धलेखन सुधारलं, त्याच्या मते. बँकेत मात्र खातं रखमाच्या नावाने असतं, आणि रुक्मिणीच्या नावाने पाठवलेले पैसे परत येतात. खऱ्या सभासदांची नावं, खाते क्रमांक, आधार तर बाहेर पाठवायचेच नाहीत. २०२३चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहे, आणि कायदा नसता तरी गावातल्या माणसाच्या पैशाची गोष्ट गावाबाहेर सांगायची नसते.

दुपारी ४.३०

मालकांचा फोन. "बिलाच्या कामाचा तुमचा अंदाज तीन आठवडे आहे. एआय धरून किती?"

"तीन आठवडे."

"ते ५५ टक्के जास्त वेगाने होतं म्हणतात!"

म्हणतात हे खरंच आहे. गिटहबशी संबंधित संशोधकांच्या २०२३च्या प्रयोगात ९५ प्रोग्रॅमरांना जावास्क्रिप्टमध्ये एक छोटा वेब सर्व्हर लिहायला दिला होता. कोपायलट वापरणाऱ्यांना ५५.८ टक्के कमी वेळ लागला. मग मी त्यांना दुसरा प्रयोग सांगितला. २०२५ साली एमईटीआर या संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रॅमर घेतले, काम त्यांच्याच ओळखीच्या मोठ्या प्रकल्पांतलं, एकूण २४६ कामं. एआय वापरायची मुभा असताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. कामाआधी त्यांना वाटत होतं की २४ टक्के वेळ वाचेल. कामानंतरही त्यांची समजूत हीच, की २० टक्के वाचला.

"म्हणजे कुठला खरा?" मालक.

दोन्ही. पहिल्यात कोरी पाटी होती, दुसऱ्यात वर्षानुवर्षं साचलेला कोड, ज्यातली निम्मी कारणं कुठेच लिहिलेली नसतात आणि माणसांच्या डोक्यात असतात. नवीन पडदा करायचा असेल तर मुलगी दोन दिवसांचं काम दुपारपर्यंत करते, मी साक्षीदार आहे. दुधाच्या बिलाला हात लावायचा असेल तर सहायकाला आधी आमचे सगळे अलिखित नियम सांगावे लागतात. ते सांगण्यात, त्याने लिहिलेलं वाचण्यात आणि दुरुस्त करण्यात जो वेळ जातो तो कोणी मोजत नाही, कारण त्या वेळात बोटं चालत नसतात आणि आपल्याला वाटतं आपण निवांत आहोत.

मालक ऐकत होते. ते वाईट नाहीत. पगार वेळेवर करायचाय त्यांना. शेवटी म्हणाले, "बरं, तीन. पण पुढच्या पडद्यांच्या कामाला दोनाने भागतो."

"भागा. तिथे चालेल."

संध्याकाळी ६.००

संध्याकाळचं संकलन सुरू. लॉगमध्ये हिरव्या ओळी धावू लागल्या. सकाळी अडकलेल्या दोन्ही संस्थांचा डेटाही आला.

एका संस्थेच्या सचिवांचा फोन. "मॅडम, ३१चं दूध ह्याच बिलात धरलंय न्हवं? मागं एका सॉफ्टवेअरनं सोडलं हुतं. लोकं दारात येऊन बसली हुती."

"ह्याच बिलात आहे, साहेब."

"मग झालं. पाऊस काय म्हणतोय वर?"

कोड माणसाने लिहिला की यंत्राने, हे त्यांनी विचारलं नाही. विचारणारही नाहीत. सभासद दारात बसला तर त्यांना उठून बोलावं लागतं, म्हणून ते मला फोन करतात. मग मला उठून बोलावं लागतं. या साखळीत जो फोनच्या जितका जवळ, तितका तो सहायकाविषयी सावध. नवी मुलगी निर्धास्त आहे, कारण महिनाअखेरीचा फोन अजून तिच्या नंबरवर येत नाही. मालक उत्साही आहेत, कारण तो फोन माझ्याकडे वळवलेला आहे. काका कडवट आहेत, कारण वीस वर्षं तो त्यांच्याच खिशात वाजला. वय, हुशारी, नव्याची भीती, हे सगळं नंतरचं. त्या जागतिक पाहणीतही सर्वांत जास्त साशंक निघाले ते अनुभवी लोक, आणि मला त्याचं नवल वाटलं नाही.

रात्री ८.००

शेजारचा मुलगा आला. गडाखालच्या गावातला, इथे मामाकडे राहून इंजिनिअरिंग करतो. त्याला विचारायचं होतं की आता कोडिंग शिकून उपयोग आहे का.

उपदेश करण्याऐवजी त्याला सकाळची ती ओळ दाखवली. नाव-गाव काढून, फक्त गणित. "हे यंत्राने लिहिलंय, चाचण्या पास आहेत. काय चुकलंय?"

त्याने पाच सेकंदही घेतले नाहीत. "३१चं दूध गेलं की, काकू. आणि फेब्रुवारीत तिसरं बिल आठच दिवसांचं असतंय, हे दहा दिवस धरतंय."

त्याला तारखांची लायब्ररी नीट माहीत नाही, पायथॉनही कच्चं आहे. पण घरी दोन म्हशी आहेत, आणि फेब्रुवारीचं शेवटचं बिल लहान येतं म्हणून आईने किराण्याची यादी आखडती घेतलेली त्याने पाहिली आहे. मी त्याला म्हटलं, शीक. भाषा कुठलीही शीक, सहायक कुठलाही वापर, पण हे जे तुला न शिकता येतंय ते कोडमध्ये मांडायला शीक. त्याला हे फारसं पटलं असं वाटलं नाही. त्याला पगाराचा आकडा हवा होता.

जाताना त्याच्याकडून एक काम करून घेतलं. बिलाच्या तारखांच्या चाचण्या त्याला तोंडी सांगायला लावल्या आणि मी लिहून घेतल्या : २८चा फेब्रुवारी, २९चा फेब्रुवारी, ३१चा महिना, ३१ डिसेंबरनंतरची १ जानेवारी. एकतीस तारखेला फक्त संध्याकाळचंच दूध घातलेला सभासद, ही मला न सुचलेली.

रात्री १०.००

टीमच्या ग्रुपवर तीन नियम टाकले.

एक : कमिटवर ज्याचं नाव, फोन त्याला. सहायकाने लिहिलं होतं हे कारण चालणार नाही. जे समजलं नाही ते चढवायचं नाही.

दोन : पैशाचा कोड ज्याने लिहिला त्यानेच त्याच्या चाचण्या लिहायच्या नाहीत, मग तो माणूस असो की यंत्र.

तीन : सभासदांचा खरा डेटा बाहेरच्या कुठल्याही साधनात टाकायचा नाही.

मुलीने लगेच अंगठा दाखवला आणि विचारलं, पहिला फोन कधीपासून? पुढच्या हप्त्यापासून तिचा नंबरही यादीत टाकला. तिला हे बढतीसारखं वाटलं असावं. बढतीच आहे ती. टेस्टरने विचारलं की दुसऱ्या नियमासाठी त्याला जोडीला माणूस मिळणार का. मालकांनी तो संदेश वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

मग काकांनी चौथा नियम लिहिला : २८ तारखेनंतर बिलाच्या कोडला कोणीही हात लावायचा नाही. म्हणजे हा हप्ता जुन्याच कोडवर निघणार. ठरलं असं, की ऑगस्टभर जुना आणि नवा कोड शेजारी शेजारी चालवायचे, प्रत्येक संस्थेची दोन्ही बिलं काढायची आणि पैशापर्यंत जुळवून बघायची. शेतकऱ्याला जाईल ते जुनं.

मी काकांना विचारलं, दोन बिलांत फरक पडला तर आधी संशय कुणावर घ्यायचा, जुन्या कोडवर की नव्या?

"दोन्हीवर," त्यांनी लिहिलं. "जुना मी लिहिलाय म्हणून काय झालं? कॅल्क्युलेटर घ्यायचा आणि हातानं बेरीज करायची."